रस्ता नसेल तिथं जाणारी गाडी
ओल्या काळ्या मातीच्या वासात डिझेलचा धूर मिसळला की मला इंदापूरकडचं आमचं शेत आठवतं. एकदा कालव्याचं पाणी पाझरून रानात चिखल झाला होता आणि उसाने भरलेला ट्रक बांधाजवळ पार रुतला होता. ट्रॅक्टर लावला, तर त्याचीच चाकं जागेवर फिरून आमच्या अंगावर चिखल उडवायला लागली. तोडलेला ऊस उन्हात वाळत होता. तेवढ्यात सैन्यातून निवृत्त झालेले चुलते लिलावात घेतलेला जुना लष्करी ट्रक घेऊन आले. आमचा ड्रायव्हर हसला, "तात्या, हे धूडबी रुतंल." चुलते शांतपणे म्हणाले, "ह्याची पुढची चाकंबी ओढत्यात. बाकीच्या गाड्या रस्त्यासाठी केल्यात, ही रस्ता नसंल तितं जायला केलीया." त्यांनी टायरमधली थोडी हवा सोडली, पुढच्या हुकाला साखळी अडकवली आणि गाडी मागे घेत आमचा ट्रक एक कांडं न सांडता बाहेर काढला. परवा बारामतीत नवी पिकअप बघायला गेलो. त्या लष्करी ट्रकासारखाच पुढे हूक, चारी चाकांना तशीच ओढ. विक्रेता म्हणाला, "काका, हे सगळं नवीन आलंय," आणि चालवून दाखवायला गाडी डांबरी रस्त्याकडे वळवायला लागला. मी म्हटलं, "तिकडं नको, त्या शेजारच्या नांगरटीत घाल."