बिस्किटाची सपरी

२५ डिसेंबर, नाताळची सुट्टी. स्थळ: लाखनीतल्या आमच्या शाळेची स्टाफरूम. हजर: मी, गणिताची; इंग्रजीच्या मॅडम; ड्रॉइंगचे सर; प्रयोगशाळेच्या ताई. मुख्याध्यापक गैरहजर, पण किल्ली त्यांनी आदल्या दिवशीच दिली होती, म्हणून त्यांना अर्धे हजर धरले.

कल्पना इंग्रजीच्या मॅडमची. परदेशात नाताळात आलं घातलेल्या बिस्किटांची घरं करतात, भिंती-छप्पर सगळं खाता येतं, असा व्हिडिओ त्यांनी मोबाइलवर दाखवला होता. मी विचारलं, घर कोणाचं करायचं? नुसतंच कुठलं तरी घर करण्यात मला रस नव्हता. ड्रॉइंगचे सर म्हणाले, ताईंचं करू.

ताईंचं घर तेव्हा फक्त कागदावर होतं. हायवेलगतचं जुनं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर सोडून मागच्या वस्तीत घेतलेल्या प्लॉटवर स्लॅबचं बांधायचं ठरलं होतं. इंजिनियरने नकाशा दिला होता, मिस्त्री संक्रांतीनंतर पाया खोदायला येणार होता. अडलं होतं सासूबाईंपाशी. त्यांनी नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि सांगितलं की मी काही तिथे येत नाही. ताईंच्या नवऱ्याचं म्हणणं, आई येत नसेल तर पाया खोदायचा नाही. दोघंही हट्टी, मध्ये ताई. त्यांचं सगळं लक्ष त्या पायाकडे लागलेलं. घर डोळ्यांनी दिसलं तर आईंना पटेल, असं त्यांना वाटलं आणि आमचं काम ठरलं.

मी कामं वाटून दिली. आलं किसणं आणि गूळ चिरणं मॅडमकडे, पुठ्ठ्याची मापं सरांकडे, कणीक-मैदा मळणं ताईंकडे, देखरेख माझ्याकडे. बिस्किटाच्या घराखाली काय घ्यायचं हा प्रश्न उरला. कपाटामागे जिल्ह्याचा जुना नकाशा गुंडाळून पडलेला होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून तो कोणी भिंतीवर लावत नव्हतं. त्याची पाठ कोरी आणि कापड दणकट. ड्रॉइंग बोर्डावर तो पालथा पसरला, चारी बाजूंनी टाचण्या मारल्या, प्लॉट तयार.

आमच्याकडे सणासुदीला घरचं पीठ-तूप-साखर बेकरीत नेऊन देतात आणि डबाभर बिस्किटं भाजून आणतात. आम्हीही भट्टी तिथलीच धरली. भिंती आम्ही लाटून, मापाने कापून ट्रेमध्ये मांडल्या. स्लॅबची पोळी मात्र ट्रेमध्ये मावेना, म्हणून तेवढं पीठ डब्यात भरून दिलं आणि सरांना बजावलं, बेकरीवाल्याला सांगा, एकच मोठी पोळी लाटा. सर गेले, डबा दिला आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला बसले. सांगायचं ते चहानंतर सांगू, असं त्यांचं नियोजन.

परत आले ते भिंती आणि डबाभर बिस्किटं घेऊन. साच्यातून काढलेली, लांबट, पाठीवर रेघा असलेली. बेकरीवाल्याने सगळ्यांच्या पिठाचं करतो तेच आमच्याही पिठाचं केलं होतं. सरांचा बचाव असा की भाजली छान आहेत.

मी नवं पीठ मळायचा विचार करत होते, तेवढ्यात ताईंनी दोन बिस्किटं एकावर एक चढवून धरली आणि म्हणाल्या, हे तर कवेलू. झालं. स्लॅब रद्द. मध्ये स्टाफरूममधल्या टोस्टची रास रचून उतार काढला आणि गुळाच्या पाकात बुडवून आम्ही कवेलू चढवायला लागलो. पाकावरून माझं आणि मॅडमचं जुंपलं. त्यांचा पाक पातळ, माझा इतका पक्का की चमचा पातेल्यात उभा राहिला तो तसाच राहिला. शेवटी खालच्या ओळी त्यांच्या, वरच्या माझ्या. त्यांच्या ओळी घसरत राहिल्या, हे नोंदवून ठेवते.

छप्पर झालं तरी बिस्किटं उरलीच. मी आणि ताई हात धुवायला गेलो तेवढ्यात सरांनी घराच्या पुढे छप्पर वाढवलं, दालचिनीचे दोन खांब दिले आणि छान सपरी काढली, पुढच्या बाजूने उघडी, चार माणसं बसतील अशी. आम्ही आलो तर ते लांबून मान तिरकी करून बघत होते.

ताईंचा चेहरा उतरला. "सर, माझ्या नकाशात सपरी नाही. तिथं गाडीची जागा आहे," त्या म्हणाल्या. "खोटं घर दाखवून मले त्यायच्याकडून हो म्हणवून घ्यायचं नाही."

बरोबरच होतं. काढायला गेलो तर तिथला पाक माझा. खांब ओढला की भिंतच हलायची. मग तसंच उचललं. सरांनी आणि मी बोर्ड धरला, मॅडम हायवेवर ट्रक अडवायला पुढे, ताई मागे.

ताईंच्या सासूबाई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आजी, जुन्या घराच्या सपरीतच बसल्या होत्या. तिथून हायवे दिसतो. कोण कोणाच्या गाडीवर गेलं, हे त्यांना पोलिसांच्या आधी कळतं. बोर्ड समोर ठेवताच ताईंनी सांगून टाकलं, "आई, हे पुढचं आपल्या नकाशात नाही. चुकून झालं."

आजींनी वाकून पाहिलं. कवेलूवरून बोट फिरवलं, खांब हलवून पाहिला.

"मंग टाक ना नकाशात," त्या म्हणाल्या. "बिस्किटाचं जमते, तं इटेचं काहून नाही जमत? मी का तुमच्या हालमंधी बसून भिताडाकडं पाहू?"

 वर्षभर सगळ्यांना वाटत होतं की म्हातारीला जुनं घर सोडवत नाही. तिला फक्त बसायला जागा हवी होती. ते कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

खायला मात्र त्यांनी कोणाला दिलं नाही. मिस्त्रीला दाखवीन, मग चहात बुडवून खाईन, म्हणाल्या, मला कुठे दात आहेत. घर तिथेच ठेवून आम्ही परत आलो आणि पातेलं घासायला बसलो.

पाया संक्रांतीनंतर खोदला गेला. नव्या घराला सपरी आहे, रस्त्याच्या बाजूने. ताईंच्या नवऱ्याची गाडी बाहेर कडुलिंबाखाली उभी असते आणि धुताना तो दर वेळी ड्रॉइंगच्या सरांची आठवण काढतो.

राहिला जिल्ह्याचा नकाशा. घर खाऊन झाल्यावर आजींनी तो पुसला, सुलटा केला आणि नवं घर झाल्यावर तिथल्या सपरीत टांगला. त्यांचं माहेर गोंदियाकडचं. आल्यागेल्याला त्या तिथे बोट ठेवून दाखवतात. शाळेच्या सामानाची तपासणी माझ्याकडे असते. दर वर्षी मी नकाशा आणायला जाते, आजी चहा ठेवायला सांगतात, मी तो पिऊन रस्ता बघत बसते आणि रिकाम्या हाताने परत येते. नकाशा परत आणणे: बाकी.