मेथीची जड जुडी

महाराष्ट्र नवानवा झाला होता तेव्हा देऊळघाटच्या बाजारात तो मेथी विकायचा. नाव आम्ही कधी विचारलंच नाही. मान खाली घालून तो जुड्या बांधायचा. प्रत्येक जुडी बरोबर मुठीत मावेल एवढीच. मला ते बघत बसायला फार आवडे.

एका बाजाराला मात्र जुड्या दुप्पट जाड निघाल्या. तो सारखा बोलत होता, मोठ्यानं हसत होता, येईल त्याला लिंबं फुकट देत होता. आईनं खुशीनं पिशवी भरली.

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं एक जुडी हातात तोलली आणि तिचा चेहरा उतरला.

"किती राती झोपले नाही तुमी?"

"झोप काऊन पाह्यजे मले? दहा बैलांचं बळ आलं अंगात!"

"मांगच्या खेपेलेबी अशाच जुड्या बांधल्या होत्या. मंग दोन महिने खाटेवरून उठले नव्हते. चाला, आताच बुलढाण्याले डाक्टरकडं."

भरल्या बाजारात टोपलीवर पोतं टाकून तिनं त्याला एसटीत बसवलं.

महिन्याभरानं तो परत दिसला, मान खाली घालून जुड्या बांधताना.

आई कुरकुरली, "जुडी काऊन बारकी केली हो?"

त्याची बायको हसली. "बारकीच बरी, बाई."