गुहागरचे चार दिवस

"मला चार दिवस नुसतं समुद्रासमोर बसायचंय. स्वयंपाक नाही, पाहुणे नाहीत, कुणाच्या पाया पडणं नाही."

बायको कणीक मळता मळता हे म्हणाली. मी फरीदाबादहून दिल्लीची शटल गाडी पकडायच्या घाईत बुटाचे बंद बांधत होतो. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. आम्हा केंद्र सरकारच्या नोकरांना सरकारी खर्चाने गावी जाता येतं आणि चार वर्षांतून एकदा देशात कुठेही. आमचं ते 'कुठेही' दर वेळी पुण्याला, माझ्या ताईच्या घरी संपायचं. तिथे बायको फरीदाबादच्या ओट्याऐवजी पुण्याच्या ओट्याशी उभी राहायची.

मी लगेच कामाला लागलो. कोकणातलं गुहागर ठरवलं. स्वस्थ बसवत नाही, हा माझा जुना रोग. ऑफिसच्या कागदावर पट्टीने रेघा मारून तक्ता केला: सकाळी सहा, समुद्र. आठ, नाश्ता. नऊ, देऊळ. दोन ते साडेतीन, विश्रांती.

"यात बसायचं कधी?" बायकोने विचारलं.

मी विश्रांती पावणेचारपर्यंत वाढवली.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरचे पंजाबी बाबू म्हणाले, "समंदर देखकर करोगे क्या, यार? दो मिनट में देख लिया, फिर?" मी हसलो, पण प्रश्न डोक्यात घर करून बसला. संध्याकाळपर्यंत तक्त्यात गुहागरजवळची वेळणेश्वर आणि हेदवीची देवळंही आली.

पुणं टाळायचं म्हणून मुंबईमार्गे आरक्षण केलं आणि तिथपासून माझा जीव खालीवर होऊ लागला. ताईला कळलं तर? दिल्लीकडच्या मराठी माणसाने दोन-दोन वर्षांनी महाराष्ट्रात जायचं आणि बहिणीला पत्ता लागू द्यायचा नाही, हे मला पचेना. शेवटी बायकोला न सांगता मी ताईला पत्र टाकलं. यंदा पुण्याला जमणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस, असं लिहिलं. आपण काही लपवत नाही हे दिसावं म्हणून तारखा आणि उतरायचा पत्ताही लिहिला.

दहाव्या दिवशी उत्तर आलं. ताईला फार आनंद झाला होता. 'तुम्हाला पुण्याला जमत नसेल तर आम्हीच येतो. मी, हे, मुलं, सासूबाई. मोठं घर ठरवलंय, स्वयंपाकघरासकट. बाहेरचं खायला नको. वहिनीच्या हातच्या पुरणपोळ्या मुलांना कधीच्या हव्यात.'

बायकोने पत्र वाचलं आणि होतं तसं घडी करून माझ्या हातात दिलं.

"ताईंना लिहा, जरूर या."

मला इतकं हायसं वाटलं की मी त्याच दिवशी पत्र पोस्टात टाकलं.

निघायच्या आदल्या दिवशी तिने बॅग भरली. माझे कपडे होते, आमच्या दोन्ही मुलांचे होते.

"तुझ्या साड्या?"

"मी येत नाही. ऑफिसच्या अर्जातलं माझं नाव काढून टाका."

"अगं, ताईला काय सांगू?"

"पत्रं लिहायला तुम्हाला आवडतं ना? लिहा."

मी समजूत काढली, चिडलो, तिकिटं दाखवली. ती कपड्यांच्या घड्या करत राहिली.

गुहागरला मी सगळा तक्ता पार पाडला. शिवाय ताईच्या सासूबाईंची औषधं, मुलांची शहाळी, ताईच्या मासळीबाजाराच्या फेऱ्या. पुरणपोळ्या झाल्याच नाहीत आणि त्याचं कारण ताईने मला चारही दिवस विचारलं.

नवव्या दिवशी दुपारी आम्ही परत आलो. बायको व्हरांड्यात आरामखुर्चीत, स्टुलावर पाय ठेवून बसली होती. समोर कंपाउंडची भिंत आणि वाळत घातलेली एक चादर. मुलं गळ्यात पडली तरी ती उठली नाही. तिचा चेहरा इतका निवांत मी बारा वर्षांत पाहिला नव्हता आणि मला माझी लाज वाटली.

"कसा होता समुद्र?" तिने विचारलं.

मी आठवायला लागलो. "मोठा होता," मी म्हणालो.

"बसा ना जरा."

मी शेजारी बसलो, आणि बॅगा रिकाम्या करायच्या राहिल्यात हे आठवून लगेच उठलो.