पोहणं आणि सायकल यांच्या मधली नऊ मिनिटं

बातमी सभागृहात नसते, बाहेरच्या व्हरांड्यात असते, हे मी बेंगळुरूत तीस वर्षं इंग्रजी पेपरची वार्ताहरकी करून शिकलो. ट्रायथलॉनचंही तसंच आहे. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. या तिन्हींत सांगण्यासारखं काही घडत नाही, माणूस नुसता दमतो. किस्से साचतात ते मधल्या दोन थांब्यांवर, जिथे ओल्या अंगानं हेल्मेट शोधायचं असतं किंवा सायकल टांगून बूट बदलायचे असतात. त्याला ट्रान्झिशन म्हणतात. आम्ही तिघांनी वर्षभर सराव केला आणि आयुष्यातली पहिली शर्यत केली. तेवढ्यात इतका माल जमलाय की आता गप्प बसणं म्हणजे बातमी दाबणं होईल.

तिघे म्हणजे निवृत्त आणि भांडखोर असा मी. साड्यांच्या दुकानाचे मालक रघुनाथअण्णा, ज्यांचं घराणं इथे इतक्या पिढ्या आहे की मराठी बोलताना कन्नड कुठे सुरू झालं हे त्यांचं त्यांनाच कळत नाही. आणि महादेवपुऱ्यातल्या एका आयटी कंपनीतली पुण्याची ऋचा. आमचे कोच मंजुनाथ हवाई दलातून निवृत्त झालेले, राहायला येलहंक्याला. ते आमच्याशी हिंदीत बोलायचे, मी मराठीत सांगतो.

*

पहिल्याच रविवारी मी कोचशी भांडलो. कारण रास्त होतं. पोहण्याची वेळ मोजा, सायकलची मोजा, पळण्याची मोजा. पण मी पायमोजे घालत असताना घड्याळ चालू ठेवण्याचा अधिकार यांना कुणी दिला? मोजे घालणं हा खेळ आहे का? नियम कुणी केला, कुठल्या बैठकीत केला, खेळाडूंना विचारलं होतं का?

मंजुनाथांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, तुम्ही बातमी लिहायला बसलात की छापखान्यातलं घड्याळ थांबवायचे का?"

मी मोजे घालायला लागलो. तीस वर्षांत मला गप्प बसवणारा हा दुसरा माणूस, असं ऋचा सगळ्यांना सांगते. पहिला कोण, ते तिला माहीत नाही आणि मी सांगणार नाही.

*

खरा प्रश्न होता अण्णांचा. दोन वर्षांपूर्वी सायकलवरून पडून त्यांनी मनगट मोडून घेतलं, तेही ऐन दसऱ्याच्या गर्दीत. सरोजाक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, महिनाभर एकटीनं दुकान सांभाळलं. त्यामुळे ट्रायथलॉनचं नाव काढल्यावर अक्कांनी अट घातली. "एकदा करा. दिलेल्या वेळेत आलात तर पुढचं पुढं बघू. नाही आलात, नाहीतर शर्यतवाल्यांनी बाद केलं, तर सायकल माझ्या भावाला जाईल. परत विषय नको."

भाऊ त्याआधीच दोनदा येऊन सीटची उंची बघून गेला होता.

दिलेली वेळ सव्वादोन तास. अण्णांचं पोहणं बरं, सायकल उत्तम, पळणं कसंबसं. हिशेब काठावर बसत होता. आणि सरावातलं त्यांचं पहिलं ट्रान्झिशन झालं नऊ मिनिटांचं. इतर लोक तीनेक मिनिटांत बाहेर पडतात.

कोचनी दुसऱ्या वेळी शेजारी उभं राहून पाहिलं. अण्णांनी अंग पुसलं आणि टॉवेलची घडी घातली. काठाला काठ लावून, मधे हात फिरवून, परत अर्धी. मग पोहण्याच्या टोपीची. मग पिशवीची.

"अण्णा, हे काय?"

"चाळीस वर्षं गिऱ्हाइकानं उलगडलेलं घडी करतोय की. हात ऐकत नाही. स्वल्प थांबा, सरी करतो." सरी म्हणजे नीट.

तिसऱ्या वेळी कोचनी टॉवेलच काढून घेतला. ओल्या अंगानंच सायकलवर बसा, वारा सुकवेल. अण्णांना पटलं. पाण्यातून आले, हेल्मेट चढवलं, बूट घातले, आणि बोळा करून टाकलेल्या ऋचाच्या टॉवेलची घडी घातली.

*

ऋचा म्हणजे शिस्त. तिनं ट्रान्झिशनचे तेवीस टप्पे काढून कागद लॅमिनेट करून आणला. "काका, प्रोसेस फॉलो केली की टाइम आपोआप खाली येतो," असं मला समजावलं. मी म्हटलं, हेच वाक्य मी तीन महापौरांकडून ऐकलंय.

ती राहते बेळ्ळंदूरला, एका टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर. रोज सकाळी ती अंगावर बादली ओतून घ्यायची, ओलीच लिफ्टनं खाली यायची, पार्किंगमध्ये पळत जाऊन हेल्मेट घालायची, सायकल घेऊन एका खांबाला फेरी मारायची आणि परत वर. चार दिवसांनी सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिला फोन करून अगदी हळुवार आवाजात विचारलं, "बेटा, घरी सगळं ठीक आहे ना?"

तक्रार बिहारहून आलेल्या म्हाताऱ्या वॉचमननं केलेली. ऋचानं त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती खांबाला फेरी मारून आली, तर ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "कल से सात सेकंड ज़्यादा, मॅडम."

तेव्हापासून तिचे खरे कोच तेच.

*

माझाही एक किस्सा आहे, तो इतर लोक चुकीचा सांगतात म्हणून मीच सांगतो.

सायकल झाल्यावर हेल्मेट काढून पळायचं असतं. एका रविवारी मी ते काढायला विसरलो आणि येलहंक्याच्या रस्त्याला दीड किलोमीटर हेल्मेट घालून पळालो. पळत होतो फुटपाथवरून. समोरून फुटपाथवरूनच एक स्कूटरवाला आला. डोक्यावर हेल्मेट नाही, पायांमध्ये गॅसचा सिलिंडर. त्यानं ब्रेक मारला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "गाडी एल्ली, सार?" गाडी कुठे आहे, साहेब?

मी तिथेच थांबून त्याला फुटपाथ कुणासाठी असतो यावर कन्नडमध्ये पाच मिनिटं सुनावलं. त्यानं मान डोलावत सगळं ऐकलं आणि शेवटी म्हणाला, बसा मागे, सोडतो.

*

शर्यत शहराबाहेरच्या एका कॉलेजात होती. पोहणं तिथल्या तलावात, ट्रान्झिशन शेजारच्या मैदानात. दोनशे सायकली रांगेनं टांगलेल्या.

ऋचा आमच्या खूप आधी पाण्याबाहेर आली. तेवीस टप्पे तोंडपाठ. पण सायकल सापडेना. तिनं खूण ठेवली होती, 'लाल सायकलच्या डाव्या बाजूला'. लाल सायकलवाली तिच्याहून दीड मिनिट आधी पाण्याबाहेर पडली आणि खूण घेऊन निघून गेली.

मी पोचलो तेव्हा ऋचा सायकलींच्या रांगांमधून कागद हातात धरून फिरत होती. मी विचारलं, कितवा टप्पा?

"काका, शून्य. सायकल शोधणं यात टाकायचंच राहिलं."

*

आता अण्णांचं. वार्ताहराला सवय असते, मथळा आधी द्यायचा. अण्णा सव्वादोन तासांना चाळीस सेकंद कमी असताना शर्यत पुरी करून आले. सायकल अजून त्यांच्याच दारात आहे. ही बातमी झाली. किस्सा वेगळा आहे.

सरोजाक्का सकाळी सहालाच भावाच्या गाडीतून आल्या होत्या. भावानं गाडीमागे सायकल टांगायचा कॅरिअर बसवूनच आणला होता.

अण्णा सायकल संपवून आत आले तेव्हा चाळीस मिनिटं उरली होती. पळायला त्यांना छत्तीस लागतात. पण आयोजकांनी बूट बदलायच्या जागी निळा गालिचा अंथरलेला. दुकानातल्या गादीवर आयुष्यात कधी पायताण घालून न गेलेला माणूस. त्यांनी सायकलचे बूट गालिच्याबाहेर जोडीनं काढून ठेवले, अनवाणी चालत सायकल टांगून आले, आणि पळायचे बूट हातात घेऊन थेट पलीकडच्या कठड्यापाशी गेले. तिथे गालिचा संपत होता. ते खाली बसले, वाकले, आणि पोटरीत गोळा आला.

मी चार हातांवर होतो. माझ्या जागेवर दुसऱ्याची सायकल टांगलेली, त्याबद्दल व्हॉलंटिअरशी बोलत होतो. तेही थांबवलं.

कठड्याच्या पलीकडे सरोजाक्का उभ्या होत्या. नियम सकाळपासून लाउडस्पीकरवर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत चालला होता: बाहेरच्या कुणाकडूनही काही घ्यायचं नाही. पाण्याचा घोट घेतला तरी बाद. हे अक्कांनी माझ्याइतकंच ऐकलं होतं.

अण्णा पाय धरून म्हणाले, "सरोजा, पुरे झालं गं. जमत नाही."

अक्कांनी पिशवीतून एक एलक्की केळं काढलं, ते बोटाएवढं असतं तसलं, सोललं आणि कठड्यावरून हात पुढे केला. अण्णांनीही हात लांबवला. व्हॉलंटिअरनं शिट्टी ओठांना लावली. अक्कांच्या मागे त्यांचा भाऊ गाडीची किल्ली घेऊन उभा होता.

बोटं आणि केळं यांत वीतभर अंतर राहिलं असेल. अक्कांनी हात मागे घेतला, अण्णांकडे बघत ते अख्खं केळं स्वतःच्या तोंडात घातलं, सावकाश चावून गिळलं आणि साल पिशवीत टाकली.

"मी खाल्लं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पळा आता."