उजेडआण्णांनी कापलेली शेपटी

सज्जनहो, उजेडावर जीव लावलेल्या एका माणसाची ही कथा, आणि त्याचे आयुष्य मात्र गेले काळोखात. फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेत तो एकतीस वर्षे उभा होता. खोलीचे दार कोणी जरासे किलकिले केले की आतून एकच गर्जना येई, "उजेड!", आणि भलेभले पायाला पाय लावून पळत. म्हणून त्याचे नाव पडले उजेडआण्णा.

त्या दिवशी निवाडा व्हायचा होता. खिडकीशी बसलेली सिनेमातली आई, प्रसंग एकच, कॅमेरे दोन: एक डिजिटल, एक फिल्मचा. पडद्यावर जे चित्र सरस ठरेल, त्यावर दिग्दर्शक आपला सिनेमा काढणार. प्रयोगशाळेच्या मालकांनी बजावले होते, हे काम हातचे गेले तर रसायनाच्या टाक्या कायमच्या रिकाम्या. दोन्ही कॅमेरे चालवणारी आण्णांची सख्खी भाची, डिजिटलवर वाढलेली. मामांची फिल्म म्हणजे रुसकी नवरी, हिला ऊन सोसत नाही की धूळ सोसत नाही, असे ती चिडवी.

आण्णांनी रीळ हाती घेतले. गच्च काळोखात, सवयीने, टोकाची दोन हात लांब पट्टी कापली. चित्रण थांबले तरी फिल्मवाले शेवटी थोडी पट्टी रिकामी सोडतात. तिला शेपटी म्हणतात. आधी शेपटी धुवायची, रसायनाचा स्वभाव पाहायचा, मगच रीळ आत सोडायचे. रसायन एक अंश जास्त तापलेले निघाले. आण्णांनी ते निववले, रीळ सोडले, आणि धुतलेला तुकडा दिव्यासमोर धरला. तुकडा रिकामा नव्हता. त्यात आई खिडकीकडून मान वळवीत होती.

भाचीने रीळ शेवटच्या इंचापर्यंत चालवले होते. शेपटी ठेवायची असते हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. आणि सांगायचे होते कोणी? तिच्या मामानेच.

आण्णांनी तुकडा जागेवर जोडला.

दुपारी पडदा उजळला. आधी डिजिटल. काय ती स्वच्छता! कोपऱ्यातल्या काळोखात खुंटीवरच्या कोटाचा धागान् धागा दिसे. खिडकीबाहेरचे आभाळ मात्र पांढरेफटक, जणू कोणी पुसून टाकलेले. मग फिल्म. कोट काळोखात बुडाला, पण खिडकीत ढग उभे राहिले, थरावर थर, आणि आईच्या गालावरचा प्रकाश श्वास घेऊ लागला. दिग्दर्शक खुर्चीत पुढे सरकले. पुढे काय येणार, हे त्या खोलीत आण्णांनाच ठाऊक होते.

आईने मान वळवली आणि चित्र भडकले. फिल्मवरचे चित्र ज्या बारीक कणांचे बनते, तो दाणा वाळूसारखा उसळला.

"हे काय?" दिग्दर्शक म्हणाले. "ऐन वेळी फिल्म अशी दगा देणार असेल, तर मी कशाच्या भरवशावर काम करू?"

मालक पुटपुटले की फिल्म म्हटले की असे व्हायचेच. पाहा, केवढा पेच! गप्प राहावे तर दोष फिल्मच्या माथी. बोलावे तर आपल्या.

आण्णा उठले. "फिल्मचा दोष नाही, साहेब. तो तुकडा मी आधी धुतला, तापलेल्या रसायनात. न विचारता कापला. चूक माझी आहे."

"मामा, शेपटी मी ठेवली नव्हती," भाची मागून म्हणाली.

"तू गप. तुला सांगायचं काम माझं होतं."

दिग्दर्शकांनी रीळ पुन्हा लावायला सांगितले. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ते फक्त पडद्यावरच्या खिडकीकडे पाहत होते.

"सिनेमा फिल्मवर," ते शेवटी म्हणाले. "पण टाकीपाशी दुसरं कोणीतरी उभं राहील."

मालकांनी आण्णांकडे पाहिले. आण्णांनी होकाराची मान हलवली, आणि त्या हलवण्यात, देवाशपथ, रागाचा कण नव्हता. ते खाली गेले, टाक्यांची झाकणे एकेक करून तपासली, आणि नव्या माणसासाठी दारावर खडूने लिहिले: कॅमेरावाल्यांना विचारल्याशिवाय कापू नये.