पांढऱ्या मातीचं एक टोपलं

आमचे मालक आणि धाकटे दीर बद्रीनाथ भावजी यांचं भांडण मी चुलीपुढं बसून ऐकलं. मुद्दामच ऐकलं. नीट ऐकू यावं म्हणून फुंकणीसुद्धा खाली ठेवली. भाकर करपली ती वेगळीच.

नांदूरघाटच्या शिवारात आमचं शेतातलं घर. दगडामातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. मालक म्हणत होते, "सगळं उतरवू आन् नवं बांधू."

"कावून? गळतंय का?" भावजी म्हणाले.

"तुझ्या वैनीचं डोकं रोज चौकटीला लागतंय."

"मग वैनीला वाकायला सांग. घर कावून पाडायचं?"

मला लई राग आला. खरं तर डोक्याचं नुसतं निमित्त होतं. मला लोखंडी कपाट घ्यायचं होतं आणि ते त्या बुटक्या दारातून आत येत नव्हतं. एका कपाटापायी घर पाडायला निघालेली बाई बीड जिल्ह्यात दुसरी नसेल.

शेवटी भावांनी घर मधोमध वाटलं. आमच्या अर्ध्यावर स्लॅब पडला, भावजींच्या अर्ध्यावर माळवद राहिलं. भावजींनी लग्न केलं नव्हतं. जेवायला आमच्यात, झोपायला त्यांच्यात. उन्हाळ्यात माझा स्लॅब तव्यासारखा तापायचा. मग मी ज्वारी निवडायला त्यांच्या गारव्यात जाऊन बसायची, आणि तिथं बसून त्यांच्याच माळवदाला नावं ठेवायची. आता कंबर अशी वाकलीय की त्या चौकटीखालून मी न वाकता जाते.

दर साली मृगाच्या आधी भावजी ओढ्याकाठची पांढरी माती डोक्यावर आणून माळवदावर पसरायचे, चोपायचे. मी खालून म्हणायची, "भावजी, माझा स्लॅब बघा, एक थेंब न्हाई."

"तुमचं बरं हाय वैनी," ते वरून म्हणायचे.

वीस वर्षं मी हेच बोलले. बाजारातसुद्धा.

पुढं मालक गेले. तीन वर्षांखाली माझा मुलगा रामेश्वर म्हणाला, "आई, दोन्ही पाडून एकच बंगला बांधू." मी म्हणाले, "बांध." भावजींना विचारायचं कुणाच्या मनातच आलं नाही. ते एवढंच म्हणाले, "माझी बाज कुठं टाकायची तेवढं सांगा." त्या साली ते वर चढले नाहीत. पाडायच्या घराला माती कोण घालतं?

मृग लागला आणि माझ्या कपाटावर धार लागली. सिदू गवंड्याला वर चढवलं. तो वरूनच बोलला, "आजी, तुमच्या स्लॅबच्या कडंनं हातभर रुंद माती कुणी घातलीय? माळवद आन् स्लॅबचा सांधा आजवर हिनंच झाकलेला दिसतोय. औंदा धुपलीय."

मी खाली पातेलं धरून उभी. वीस वर्षं ज्याची फुशारकी मारली तो स्लॅब नव्हताच, दिराचं टोपलं होतं.

भावजींना विचारलं तर म्हणाले, "दरसाली एक टोपलं उरायचं. वाया कावून घालवायचं?"

चुकलं म्हणायची मला सवय नाही. मी रामेश्वरला फोन लावला. "घर पाडायचं न्हाई."

"कावून?"

"कपाट बाहेर निघत न्हाई."

"आई, जिथून आत आलं तिथून निघंल की."

"मग मी निघत न्हाई."

तो बराच वेळ हसला. बंगला त्यानं बीडला बांधला.

भावजी यंदाच्या श्रावणात गेले. त्याआधी मृगाच्या तोंडावर ते वर चढले होते. मी म्हणाले, "गडी लावू." तर म्हणाले, "गड्याला उतार कळत न्हाई." शिडी मी धरली, म्हणजे मीच शिडीला धरून उभी होते. माळवद चोपून झालं. मग सांध्यापाशी येऊन त्यांनी उरलेलं टोपलं माझ्या बाजूला ओतलं, हातानं दाबलं आणि खाली बघितलं.

"वैनी, तुमच्या स्लॅबला एक थेंब न्हाई बरं का."

ते उतरले, हातपाय धुतले, टोपलं खुंटीला अडकवलं आणि चहाला येऊन बसले.