दारापर्यंत आलेला संत

आमच्या सेरी गावात आन्सेल्मला सायकलवर ज्यांनी पाहिलं, त्यांनी आन्सेल्म अर्धाच पाहिला. आणि पाहणारे काय थोडे होते! यॉन नदीच्या काठाने पूर्वी घोडे नावा ओढत न्यायचे, त्या वाटेचा आता सायकलींचा रस्ता झालाय. एप्रिल लागला की डच, जर्मन, पॅरिसवाले, सगळे सायकलीला पिशव्या लटकवून निघतात. घाई कोणालाच नसते. एका गावात कॉफी, दुसऱ्यात जेवण, मधे द्राक्षांच्या बागा, आणि ऊन कललं की पुढच्या गावात अंग टाकायचं. माझं कॅफे त्याच रस्त्यावर आहे आणि या लोकांवरच माझं पोट आहे, तेव्हा त्यांना नावं ठेवणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं. तरी सांगते, त्यांतल्या एकालाही आन्सेल्म कळला नाही. गावाला तरी कुठे कळला? तो जाऊन दोन वर्षं झाली, म्हणून आता तोंड उघडते.

सिदोनी ही माझी मावसबहीण, माझ्यापेक्षा बरीच मोठी. तिचा हा नवरा. लग्नाआधी तो दर रविवारी नदीकाठाने सायकल मारत तिच्या गावी यायचा, अंगणातल्या बाकावर बसायचा आणि तोंडातून अक्षर काढायचा नाही. शेवटी तिनेच विचारलं, "तू मला बघायला येतोस की नदीला?" तो म्हणाला, "नदी वाटेत लागते." एवढ्या एका वाक्यावर ती भाळली. मूलबाळ झालं नाही. नदीच्या वळणावरची बापाची छोटी बाग तेवढी दोघांनी मुलासारखी सांभाळली.

बाग ठेवणाऱ्या घरांचं आमच्याकडे एक मंडळ आहे. बागांचा राखणदार संत व्हँसाँ, त्याची लाकडी मूर्ती दर वर्षी एका घरी मुक्कामाला असते. जानेवारीत त्याच्या सणाला मिरवत निघते आणि पाळीने पुढच्या घरी जाते. सिदोनीच्या घरची पाळी आली तेव्हा ती ओसेर शहरातल्या इस्पितळात होती. आन्सेल्मने पाळी सोडून दिली. ती खाटेवरून त्याच्यावर अशी कडाडली की नर्स धावत आली.

"संत दारात येत होता आणि तू परत पाठवलास?"

"तू घरात नाहीस, मी एकटा काय करू?"

"मी असेन नसेन. पुढच्या वेळी त्याला घरात घ्यायचं. मला शब्द दे."

त्याने शब्द दिला. ईस्टरच्या आसपास ती गेली.

एरवी ती पाळी त्याच्या हयातीत पुन्हा आलीच नसती. पण बागा विकून लोक कोणी खोल्या भाड्याने देऊ लागले, कोणी सायकली. मंडळात मोजकी घरं उरली आणि पाळी फिरून लवकर आली. वर्षभर आधीपासून तो मला सांगत होता, "ह्यूगेत, पुढच्या सणाला आपल्याकडे." इतका बोलका मी त्याला कधी पाहिला नव्हता.

त्याच वर्षीच्या पानगळीत एका सकाळी तो माझ्या कॅफेशी सायकलवरून उतरला, दारापर्यंत आला आणि उभाच राहिला. मी आतून ओरडले, "भाऊजी, आत या की! दारात उभं राहून गिऱ्हाईक अडवताय होय माझं?" तो हसला नाही. जवळ गेले तर कपाळावर घाम.

"ह्यूगेत, माझ्या पायापुढे तुझा पाय आडवा घाल."

"का हो? तुम्हाला पाडू?"

"घाल म्हणतो ना."

मी पाय आडवा घातला. तो ओलांडून तो आत आला आणि नेहमीसारखा खुर्चीवर बसला. कंपवात होता. ओसेरच्या डॉक्टरांनी मागच्याच वर्षी सांगितलं होतं. चालता चालता पाय जमिनीला खिळायचे, दाराशी तर हमखास. पुढ्यात काही आडवं आलं की सुटायचे. आवाजही खोल गेला होता. आणि गंमत बघा, सायकलवर मात्र काहीच नाही! एकदा पायडलवर पाय पडला की तो पुढच्या गावापर्यंत पाण्यासारखा जायचा. त्या वर्षी पर्यटनवाल्यांनी रस्त्याच्या जाहिरातीवर त्याचाच फोटो छापला. ताठ पाठ, कापडी टोपी, मागे नदी. खाली लिहिलं होतं, 'रमतगमत चला.' मला तो फोटो बघून रडू यायचं, आणि माझ्याच दाराला तो चिकटवलेला होता.

"मंडळाला सांगा," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? नियम ठाऊक नाही तुला?"

ठाऊक होता. मंडळातला माणूस आजारी पडला की त्याची बाग बाकीच्यांनी करायची, न बोलावता, फुकट. आणि ज्याची बाग मंडळाने केली त्याच्याकडे त्या सालात संत जात नाही. शिक्षा म्हणून नव्हे हो. संत आला की गाव जेवायला आलं. दुखणाईत माणसावर तो भार नको, म्हणून पाळी पुढच्या घराला. आमच्या वाडवडिलांनी दयेपोटी केलेला नियम. दया करणाऱ्याला आपली दया कुठे लागते ते दिसत नाही, हे मी तेव्हापासून शिकले.

"सण होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही," तो म्हणाला. "सिदोनीची शपथ घे." मी घेतली.

पानं झडल्याबरोबर त्याने छाटणीला हात घातला, सगळ्यांच्या आधी. सायकल ओळीत न्यायची, तिच्यावर रेलायचं, एक वेल छाटायचा, मग सायकल पुढे ढकलायची. नाताळ आला तरी निम्मी बाग शिल्लक. रस्त्यावरून जाणारे येणारे बघायचे. मंडळाचा म्होरक्या ओक्ताव्ह, आन्सेल्मचा लहानपणापासूनचा दोस्त, एक दिवस कॅफेत बसून म्हणाला, "म्हातारा थकलाय. सायकलवर ऐट करतो, पण ओळीत त्याचं काम सरकत नाही. नव्या वर्षाला तो ओसेरला भाचीकडे जाणार आहे. तेवढ्यात आपण बाग उरकून टाकू."

"त्यांना विचारल्याशिवाय बागेत पाऊल टाकू नकोस," मी म्हटलं.

"विचारलं तर नाही म्हणेल."

"मग नाही म्हणू दे! त्यांची बाग आहे."

"अगं, सणाचं जेवण आहे त्याच्याकडे. त्याला उसंत नको? तुम्हा बायकांना प्रत्येक गोष्टीत खुसपटं काढायची खोड."

"आणि नियमाचं काय?"

"नियम आजाऱ्यासाठी. हा कुठे आजारी आहे? आम्ही दोस्त म्हणून करतोय."

मी शपथेत अडकलेली. ओक्ताव्हला आणखी दोन शब्द ऐकवले, पण जे सांगायचं ते सांगता आलं नाही. ते सगळे गेले, थंडीत कुडकुडत, हसत, गाणी म्हणत. बाग सुरेख छाटली. काड्यांचे भारे बांधून बांधाला लावले. मनात पाप कोणाच्याच नव्हतं.

आन्सेल्म परत आला तो नदीकाठानेच. वळणावर थांबला असेल. मग कॅफेत आला तेव्हा ओक्ताव्ह आणि तिबो, म्हणजे पाळीने पुढच्या घरचा पोरगेला बागवाला, दोघं वाटच बघत होते, तोंडावर कौतुकाची अपेक्षा घेऊन.

"बघितलीस बाग?" ओक्ताव्हने विचारलं.

"बघितली. नीटनेटकी झालीय."

"मग? पाज काहीतरी!"

आन्सेल्मने मला सगळ्यांचे पेले भरायची खूण केली. स्वतः घेतली नाही. मग म्हणाला, "तिबो, घर झाडून ठेव. संत तुझ्याकडे येईल."

"काका, असं काय म्हणता? तुमची पाळी आहे."

"मंडळाने बाग केली. नियम आहे."

ओक्ताव्ह भडकला. "नियमाच्या गप्पा मला सांगतोस? मी म्होरक्या आहे! तू काय आजारी आहेस?"

आन्सेल्मला तिथे 'हो' म्हणता आलं असतं. तेवढ्या एका शब्दाने भांडण निवलं असतं, आणि संत घरी यायची आशाही संपली असती. तो म्हणाला, "नाही. पण धडधाकट माणसाची बाग तुम्ही मेलेल्याची असल्यासारखी केलीत. आता नियम पाळा."

सुंभ जळाला तरी पीळ जाईना. दोघं बरेच दिवस बोलले नाहीत. पण ओक्ताव्ह वाईट माणूस नव्हता. सणाच्या आदल्या दिवशी त्याने आन्सेल्मच्या खिडकीखाली येऊन मोठ्याने सांगितलं, "उद्या संत तुझ्या दाराशी थांबेल! घ्यायचा तर घे. नाही घेतलास तर तिबोकडे नेऊ. यापुढे मी विनवणार नाही!" खिडकी उघडली नाही.

सणाच्या सकाळी मात्र आन्सेल्म माझ्याकडे आला. सायकलवरून न उतरता म्हणाला, "ह्यूगेत, चार ब्रिओश भाजशील? आमच्याच भट्टीत. दारात आलाच, तर घरात गोड काही हवं."

मला इतका आनंद झाला! "म्हणजे घेणार?"

"तोंडाने एकदा नाही म्हणून बसलोय. आता बोलणार काही नाही. नुसता पुढे होऊन हातात घेईन." मग म्हणाला, "सिदोनीचं कपाट पुसून ठेवलंय. त्याच्यावर ठेवू त्याला."

कपाट नुसतं पुसलेलं नव्हतं. तिचा कशिद्याचा रुमाल अंथरला होता. टेबलावर पेले मांडले होते, सगळ्या गावाला पुरतील इतके, शेजारून मागून आणलेले असावेत. मी मागच्या स्वयंपाकघरात भट्टीपाशी बसले आणि तो पुढच्या दारात जाऊन उभा राहिला, कोट घालून, टोपी हातात घेऊन. मी म्हटलं, "मी येते तुमच्याबरोबर दाराशी." तो म्हणाला, "पाव करपेल. मला आज छान वाटतंय."

मिरवणूक आली हे मला गाण्यावरूनच कळलं. चर्चवरून वळली, जवळ आली, दाराशी थांबली. आमच्याकडे संत घरात कोणी आणून देत नाही. घरच्या माणसाने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून त्याला आपल्या हातांत घ्यायचं असतं. गाणं थांबलं. मी भट्टीचं दार उघडलं, ब्रिओश चांगले फुलले होते, एकेक काढून फळीवर ठेवत होते. बाहेर खूप शांत होतं. मला वाटलं, घेतोय. मग ओक्ताव्हचा आवाज आला, "बरं तर! तुझी मर्जी. उचला रे!" आणि गाणं पुन्हा सुरू झालं, आणि दूर जायला लागलं.

मी हातातलं टाकून पळत पुढे आले. तो उंबऱ्याच्या आत उभा होता. अंग पुढे झुकलेलं, दोन्ही हात पुढे केलेले, पाय मात्र जमिनीला खिळलेले. मागून बघणाऱ्याला कळलं असतं की हा माणूस काही घ्यायला निघालाय. समोरून, कोटाच्या बाह्यांतून जेमतेम उचललेल्या त्या हातांना त्यांनी 'नको' समजलं.

"भाऊजी! अहो हाक का नाही मारलीत?"

त्याचे ओठ हलले. मी कान लावला. "मारली," तो म्हणाला. "ते गात होते."

मी रस्त्यावर धावणार तेवढ्यात त्याने माझी बाही धरली. "नको. आता बोलावलंस तर काय झालं ते सांगावं लागेल."

"सांगते! ओरडून सांगते गावाला!"

"शपथ घेतलीस. आता मी असेपर्यंत पाळायची."

मी पाय आडवा घातला. त्याने ओलांडला, बाहेर आला, संत थांबला होता त्या जागी उभा राहिला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता, आणि कोणावर चिडू ते कळत नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायलाही हात लवकर वर येत नव्हता. मीच पुसलं.

"सायकल दे," तो म्हणाला. "सणाला गैरहजर राहिलो तर म्हणतील डूख धरलाय. आणि तू ब्रिओश घेऊन ये. वाया नको जायला."

मी ताट घेऊन पायी निघाले. तो पुढे गेला, त्या जाहिरातीतल्यासारखाच, ताठ पाठीने. तिबोच्या अंगणात सगळं गाव जमलं होतं, चीजचे गरम गुजेर फिरत होते, पेले भरत होते. आत उघड्या दारातून संत दिसत होता. आन्सेल्म फाटकातून थेट अंगणात आला, भिंतीला हात टेकून थांबला, पण सायकलवरून खाली आला नाही.

ओक्ताव्हने पेला उंचावला. "आलास? गेला का राग?"

"गेला," आन्सेल्म म्हणाला.

"मग ये आत. संताला वंदन तरी कर."

"इथूनच बरं आहे."

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, अजून ऐट आहे म्हाताऱ्याची. मी तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी ते मिटलं. त्याने सायकलवर बसूनच छातीवर क्रूसाची खूण केली, आतल्या मूर्तीकडे बराच वेळ बघितलं, मग पायडल मारून फाटकाबाहेर पडला आणि नदीच्या वाटेला लागला. वळणापर्यंत आम्हाला त्याची पाठ दिसत होती.

ओक्ताव्हने माझ्या ताटातला ब्रिओश उचलला, तोडला, तोंडात घातला. त्याचेही डोळे ओले होते, खोटं कशाला बोलू.

"बघ कसा चालवतो," तो म्हणाला. "काहीसुद्धा झालेलं नाही त्याला. तीन पावलं पुढे यायचं होतं फक्त. सिदोनी बघत असेल, तर काय वाटलं असेल गं तिला?"